अक्रा ते सावेलुगू : एका ज्येष्ठ मिशनरी जोडप्यासोबत नऊ दिवस

पहिला दिवस, गुरुवार : अक्रा

घानाची राजधानी असलेल्या अक्राच्या कोटोका विमानतळाबाहेर आलो तेव्हा आकाशात ढग नव्हते, तरीही सूर्य पिठूळ दिसत होता. सहाराकडून वाहणारा हरमट्टन वारा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात बारीक धूळ घेऊन येतो आणि ती धूळ पुढचे नऊ दिवस आमच्या चष्म्यांवर, ओठांवर आणि सामानावर बसून राहणार होती. आम्हाला घ्यायला आलेले जोडपे दुरूनच ओळखू आले. त्यांचा पांढरा सदरा आणि टाय, तिचा साधा सुती झगा, आणि दोघांच्या छातीवर ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे लिहिलेली काळी नावपट्टी. ते ७१ वर्षांचे, त्या ६९ वर्षांच्या; मूळचे अमेरिकेतील आयडाहो राज्याचे. पतीने आयुष्यभर दुभत्या जनावरांचा गोठा सांभाळला आणि पत्नीने एका शाळेचे हिशेब.

या पंथाचे लोक जगात ‘मॉर्मन’ म्हणून ओळखले जातात. मात्र २०१८ पासून मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पूर्ण नाव वापरावे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांचे तरुण मिशनरी दोघादोघांनी दारोदार धर्माविषयी बोलताना अनेकांनी पाहिले असतील. निवृत्तीनंतर पती-पत्नीने मिळून सेवेला जाण्याची त्यांची परंपरा मात्र तितकी परिचित नाही. घरी सांभाळायला लहान मुले नसावीत, प्रकृती ठीक असावी आणि खर्च स्वतःच्या साठवणीतून करण्याची तयारी असावी, या अटी पूर्ण झाल्या की सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंतच्या मुदतीसाठी त्यांना पाठवले जाते. काहींकडे कार्यालयाचे काम येते, काहींकडे शिक्षणाचे. आमच्या या यजमानांकडे मानवतावादी मदतीचे काम होते आणि अठरा महिन्यांपैकी चौदा महिने पूर्ण झाले होते.

आम्ही दोघे त्यांच्या मंडळीचे नाही. मी नवजात शिशू विभागात परिचारिका आणि पुढे परिचर्या महाविद्यालयात शिक्षिका होते. आमचे हे भूजल विभागात अभियंते होते. नवजात बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण शिकवणाऱ्यांच्या एका दूरस्थ वर्गात या बाईंची ओळख झाली, पत्रव्यवहार वाढला आणि ‘नऊ दिवस आमच्याबरोबर फिरा, जे चुकते आहे ते सांगा’ असे त्यांचे निमंत्रण आले. या मंडळीत मिशनरी पुरुषाला ‘एल्डर’ आणि स्त्रीला ‘सिस्टर’ म्हणतात. जी हाक रुग्णालयात मी ३४ वर्षे ऐकली तीच मी आता दुसऱ्या कुणाला मारत होते, आणि ती मारताना मन भरून येत होते.

संध्याकाळी त्यांच्या सदनिकेत जेवणाच्या टेबलावर सिस्टरांनी एक जाड वही उघडली. प्रत्येक पानावर एक ठिकाण आणि त्याखाली आखलेले रकाने: काय दिले, कोणत्या दिवशी दिले, तेथे जबाबदार व्यक्ती कोण, पुन्हा केव्हा गेलो, तेव्हा वस्तू कोठे होती. शेवटचा रकाना मी दोनदा वाचला. त्यात लिहिले होते, ‘किल्ली कोणाकडे’. याचा अर्थ मला मंगळवारी कळला.

दुसरा दिवस, शुक्रवार : केप कोस्ट

पहाटे पाचला निघालो. अक्रापासून केप कोस्ट सुमारे १४५ किलोमीटर, समुद्राच्या कडेने पश्चिमेला. गाडीचा चालक घानाचाच, याच मंडळीचा तरुण सभासद. त्याच्यावाचून या जोडप्याचे पान हलत नाही, हे त्या दोघांनी पहिल्या तासातच मोकळेपणाने सांगून टाकले.

प्रशिक्षण एका आरोग्य केंद्राच्या सभागृहात होते. चोवीस मिडवाइफ आल्या होत्या, त्यांतील बऱ्याच ‘चिप्स’मधून. घानामध्ये गावपातळीवरील आरोग्यसेवेच्या योजनेला त्याच्या आद्याक्षरांवरून ‘चिप्स’ म्हणतात. एक छोटी इमारत, तेथेच राहणारी परिचारिका आणि तिच्या हद्दीतील चार-दोन वस्त्या, असे त्याचे रूप असते. देशात २००३ मध्ये आरोग्य विम्याचा कायदा झाला आणि २००८ पासून गरोदर स्त्रियांना त्या विम्याखाली मोफत सेवा मिळू लागली, तेव्हापासून आरोग्य केंद्रात बाळंत होण्याकडे कल वाढला. बाई केंद्रापर्यंत पोचली, पण तेथे बाळ न रडताच जन्मले तर पुढे काय करायचे, हा प्रश्न त्या चोवीस जणींचा होता.

‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० मध्ये याच प्रश्नासाठी आणला. त्यात यंत्र नाही, प्राणवायूचे नळकांडे नाही, वीजसुद्धा गृहीत धरलेली नाही. बाळाला कोरडे करा, ऊब द्या. रडले नाही तर श्वासमार्ग मोकळा करा, पाठीवरून चोळा. तरीही श्वास घेत नसेल तर मुखवटा आणि पिशवीने श्वास द्या, आणि हे सगळे जन्मानंतरच्या पहिल्या मिनिटाच्या आत सुरू झाले पाहिजे. त्या मिनिटाला ‘सुवर्ण मिनिट’ म्हणतात. जगात २०२२ या एका वर्षात सुमारे २३ लाख बाळे जन्मानंतर महिन्याभराच्या आत दगावली, आणि अकाली जन्म, जंतुसंसर्ग यांच्या जोडीला जन्मवेळी श्वास कोंडणे हे त्यामागचे एक मोठे कारण आहे.

सरावासाठी ‘निओनॅटली’ नावाची बाहुली असते. रिकामी असताना ती घडी करून पिशवीत मावते. आत कोमट पाणी भरले की तिला खऱ्या बाळाचे वजन येते, आणि मान तशीच मागे लवंडते. एक रबरी गोळा दाबला की ती रडते, दुसरा दाबला की नाळेत ठोके जाणवतात. सिस्टर सकाळपासून बादलीतले पाणी हाताने चाचपत एकेक बाहुली भरत होत्या. ‘पाणी थंड असेल तर हातांना ते बाळ वाटत नाही,’ त्या म्हणाल्या. त्या परिचारिका नाहीत, पण हे त्यांना पाहून पाहून कळले होते. खरोखर शिकवणाऱ्या होत्या घानाच्याच दोन ज्येष्ठ मिडवाइफ. मी त्यांच्या हाताखाली एक गट घेतला आणि एल्डर दिवसभर खुर्च्या, पाणी, जेवणाचे डबे आणि हजेरीपत्रक यांच्यामागे होते.

माझ्या गटातील एका तरुण मिडवाइफचा हात मुखवट्यावर घट्ट बसत नव्हता, हवा कडेने निसटत होती आणि बाहुलीची छाती हलत नव्हती. तिने आणखी जोरात पिशवी दाबली. घाबरलेला प्रत्येक माणूस हेच करतो. मी तिची करंगळी बाळाच्या जबड्याच्या कोनाखाली नेऊन ठेवली, हनुवटी जराशी उचलली, आणि पिशवी दोन बोटांनीच दाबायला सांगितले. छाती वर आली. मग ती मिनिटाला चाळीसच्या लयीत मोजू लागली आणि शेजारणीने रबरी गोळा दाबून बाहुलीला रडवले, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, ‘एफुआ!’ अकान लोकांत जन्मवारावरून नाव असते. फांटी बोलणाऱ्या या किनाऱ्यावर शुक्रवारी जन्मलेली मुलगी एफुआ आणि मुलगा कोफी. त्या दिवशी त्या सभागृहात किती कोफी आणि किती एफुआ जन्मले, याची गणती नाही.

तिसरा दिवस, शनिवार : किल्ला आणि किनारा

सकाळी केप कोस्टचा किल्ला पाहिला. गुलामांच्या व्यापारातील ब्रिटिशांचे हे या किनाऱ्यावरचे मुख्य ठाणे होते. पुरुषांना कोंडायच्या तळघरांत उजेड जवळजवळ नाही, आणि त्या तळघरांच्या बरोबर वर प्रार्थनागृह होते. मार्गदर्शकाने हे सांगितले तेव्हा एल्डर बराच वेळ वर छताकडे पाहत उभे राहिले. बाहेर आल्यावर ते एवढेच म्हणाले, ‘ही नावपट्टी लावून इथे उभे राहताना खाली काय आहे हे आधी विचारायला हवे.’ धर्माच्या नावाने परदेशात जाणाऱ्या कोणाही माणसाने हा किल्ला एकदा पाहावा, असे मला मनापासून वाटते.

त्यांच्या मंडळीचाही या भूमीशी असलेला संबंध सरळ नाही. १९७८ च्या जूनपर्यंत आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना त्या मंडळीत पौरोहित्याचा अधिकार दिला जात नव्हता. तो निर्बंध असतानाच जोसेफ विल्यम बिली जॉन्सन या घानाच्या गृहस्थांनी १९६४ मध्ये त्यांची पुस्तके वाचून स्वतःच अनुयायी जमवायला सुरुवात केली आणि कोणी येईल याची चौदा वर्षे वाट पाहिली. अखेर १९७८ च्या डिसेंबरात जे आले ती दोन ज्येष्ठ जोडपी होती, मेबी आणि कॅनन. दोन्ही पती साठी ओलांडलेले किंवा तिच्या उंबरठ्यावरचे. केप कोस्टच्याच समुद्रात घानातील पहिले बाप्तिस्मे झाले. म्हणजे पश्चिम आफ्रिकेतील त्यांच्या अधिकृत कार्याची सुरुवातच ज्येष्ठ पती-पत्नींनी केली. हे मला सिस्टरांनी किनाऱ्यावर उभे राहून सांगितले, आणि त्या निर्बंधाविषयी मी विचारले तेव्हा त्यांनी विषय बदलला नाही. ‘ती वर्षे कशी समजावून सांगावी, मला येत नाही. जे वाट पाहत राहिले त्यांच्यापुढे मी लहान आहे,’ असे त्या म्हणाल्या.

दुपारनंतर कुमासीचा रस्ता धरला. कोकोची झाडे, पामच्या बागा, वाटेत एका चेकनाक्यावर बराच खोळंबा, आणि रात्री उशिरा मुक्काम.

चौथा दिवस, रविवार : कुमासी

महिन्याचा पहिला रविवार हा त्यांच्याकडे उपवासाचा. लागोपाठ दोन वेळा जेवायचे नाही आणि त्या जेवणाचे पैसे, शक्य तर त्याहून अधिक, गरजूंसाठी द्यायचे, असा हा नेम आहे. त्या नेमातूनच त्यांच्या आजच्या मानवतावादी कामाचा प्रवाह निघाला. इथिओपियात दुष्काळ पडला असताना २७ जानेवारी १९८५ या रविवारी अमेरिका आणि कॅनडातील सभासदांनी विशेष उपवास केला आणि त्या एका दिवसात ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. उपास आम्हाला नवा नाही. पण चुकलेल्या जेवणाचा हिशेब करून तो दुसऱ्याच्या ताटात घालण्याची ही शिस्त मला फार भावली.

आम्ही दोघांनीही त्यांच्याबरोबर उपवास केला. सभेत ज्याला वाटेल त्याने उठून चार शब्द बोलायचे असतात. एका वृद्ध गृहस्थांनी जून १९८९ ते नोव्हेंबर १९९० या काळाची आठवण सांगितली. तेव्हा सरकारी आदेशाने मंडळीची प्रार्थनागृहे बंद होती, परदेशी मिशनरी देशाबाहेर काढले गेले होते आणि लोक घरातच प्रार्थना करीत होते. बाहेरच्यांशिवाय दीड वर्ष त्यांचे काही अडले नाही, हे ऐकताना मी एल्डरांकडे पाहिले. ते मान डोलावत होते.

रात्री सिस्टर आयडाहोतील मुलीशी बोलल्या. अक्राची घड्याळे तेथून हिवाळ्यात सात तास पुढे असतात, त्यामुळे इकडे उपवास सोडून झाला तेव्हा तिकडे दुपार होती. पाच मुले, एकोणीस नातवंडे. त्यांपैकी दोघांचा जन्म या चौदा महिन्यांतला आणि दोघांनाही त्यांनी अजून मांडीवर घेतलेले नाही. एल्डरांचे थोरले भाऊ गेल्या वर्षी वारले. परत जाण्याची मुभा होती, पण त्या आठवड्यात उत्तरेत पंप बसत होते. ते गेले नाहीत. त्याबद्दल ते बोलत नाहीत. मला सिस्टरांनी सांगितले, आणि सांगताना त्यांनी वहीचे ते पान उघडून हाताने सारखे केले.

पाचवा दिवस, सोमवार : तमालेकडे

सुमारे ३८० किलोमीटरचा दिवस. टेचिमान, किंटाम्पो, बुइपे. जसजसे उत्तरेला जावे तसतशी झाडी विरळ होते, जमीन तांबडी आणि मोकळी होते, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्यांची कुंपणे दिसू लागतात आणि चर्चच्या जागी मशिदी. तमालेच्या आसपासच्या दागोंबा लोकांत बहुसंख्य मुसलमान आहेत. तेथे हे जोडपे धर्माविषयी स्वतःहून एक शब्द बोलत नाही. मदत घेणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही आणि मदतीच्या बदल्यात काही मागायचे नाही, हा त्यांच्या कामाचा नियम त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

गाडीत कामाची पद्धत तपशिलाने ऐकली. या दोघांच्या हातून कोणाला रोख रक्कम दिली जात नाही. स्थानिक संस्था किंवा सरकारी खाते गरज मांडते, ते दोघे प्रत्यक्ष जाऊन पाहतात, प्रस्ताव लिहितात, मंजुरी वरून येते आणि पैसे थेट पुरवठादाराला जातात. पाण्याच्या कामांत १९९८ च्या कायद्याने स्थापन झालेली सामुदायिक पाणी व स्वच्छता संस्था आणि जिल्हा सभा यांच्या संमतीशिवाय एक भोकही पाडायचे नाही. या सगळ्यात महिने जातात. तरुण माणसाला हे सहन झाले नसते, असे एल्डरांना वाटते. मला मात्र वाटते की तरुणाला सहन होते, पण त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.

सहावा दिवस, मंगळवार : किल्ली

तमालेपासून काही अंतरावरच्या एका आरोग्य केंद्रात गेलो. वहीनुसार दहा महिन्यांपूर्वी तेथे प्रशिक्षण झाले होते आणि पिशवी-मुखवट्याचे दोन संच दिले होते. आमच्या वॉर्डात ज्याला सगळे अँबू बॅग म्हणतात तेच हे.

दागबानी भाषेत सकाळचा नमस्कार ‘दासिबा’ असा असतो आणि त्याला ‘ना’ असे लांबवून उत्तर द्यायचे असते. सिस्टर दारातच थांबल्या, गुडघे वाकवून ज्येष्ठ मिडवाइफला नमस्कार केला, घरची चौकशी झाली, पाणी आले, ते प्यायले. हे सगळे झाल्याशिवाय कामाचे बोलायचे नाही, हे त्यांना पहिल्या सहा महिन्यांत दोनदा चुकून कळले होते. मग त्यांनी विचारले, ‘संच बघू या का?’

मिडवाइफने कोपऱ्यातील लोखंडी कपाटाकडे बोट दाखवले. कपाटाला कुलूप होते. किल्ली केंद्रप्रमुखाकडे होती आणि ते बैठकीसाठी तमालेला गेले होते. एक तास वाट पाहिली, किल्ली मोटारसायकलवरून आली, कपाट उघडले. दोन्ही संच आत होते, एक वापरलेला आणि नीट धुतलेला, दुसरा मूळ प्लॅस्टिकच्या वेष्टनात, जसा दिला तसा.

माझा संताप अनावर झाला होता. सुवर्ण मिनिट साठ सेकंदांचे असते आणि किल्ली यायला एक तास लागला. पण सिस्टर कोणावर रागावल्या नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारले, ‘बाहेर ठेवला तर काय होईल?’ मिडवाइफने सांगितले की साहित्य नोंदवहीत तिच्या नावावर चढवलेले आहे. हरवले तर भरपाई तिच्या पगारातून. रात्रपाळीला ती एकटी असते, खोलीला नीट कडी नाही. तिचा हेतू बाळाविरुद्ध नव्हता, वस्तू जपण्याचा होता. आणि ती वस्तू देताना तुमच्या-माझ्यासारख्यांनीच ‘जपून ठेवा’ असे दहा वेळा बजावलेले असते. माझा राग ओसरला. इतकी वर्षे मी शिकवले, पण वस्तू कोठे ठेवायची आणि ती हरवली तर कोण भरेल, हे मी माझ्या वर्गात क्वचितच विचारले होते.

पुढचे दोन तास त्याच एका गोष्टीवर गेले. केंद्रप्रमुख परतल्यावर सिस्टरांनी त्यांना आणि मिडवाइफला एकत्र बसवले. नोंदवहीत ‘प्रसूतिकक्षातील कायमचे साहित्य’ असा वेगळा शेरा लिहून त्यावर दोघांच्या सह्या झाल्या, म्हणजे जबाबदारी एकटीवर राहिली नाही. चालकाने बाजारातून एक हुक, चार खिळे आणि खोलीसाठी कडी आणली. हुक कोठे ठोकायचा, हे मिडवाइफने ठरवले: प्रसूतीच्या टेबलाच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या उंचीवर, कारण तिचा उजवा हात बाळावर असतो. एल्डरांनी हातोडा तिच्या हातात दिला. तिने हुक ठोकला, स्वच्छ कापडी थैलीत संच घातला, थैली अडकवली आणि मग डोळे मिटून, डावा हात लांबवून ती बिनचूक काढली. तीन वेळा तिने तसे केले.

सिस्टरांनी वही काढली आणि ‘किल्ली कोणाकडे’ या रकान्यात आडवी रेघ मारली.

सातवा दिवस, बुधवार : सावेलुगूजवळचे गाव

तमालेच्या उत्तरेला सावेलुगू आहे. २००६-०७ मध्ये पाण्याची टंचाई झाली आणि येथे नारूची मोठी साथ आली. नारू हा शब्द आमच्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. अस्वच्छ पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा तो कृमी. १९८९ मध्ये घानात नारूचे सुमारे १ लाख ८० हजार रुग्ण नोंदले गेले होते. गाळणीची फडकी, पाण्याच्या डबक्यांवर पहारा, हातपंप आणि गावोगावच्या स्वयंसेवकांची वर्षानुवर्षांची मेहनत यांतून मे २०१० मध्ये शेवटचा रुग्ण नोंदला गेला आणि जानेवारी २०१५ मध्ये देश नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. हे श्रेय घानाच्या लोकांचे आहे, आणि सिस्टरांनीही ते तसेच सांगितले.

गावातला पंप या जोडप्याच्या आधी आलेल्या जोडप्याच्या काळातला. तो दुरून दिसताच आमचे हे गाडीतून जवळजवळ उडी मारूनच उतरले. लोखंडी पेटी, लांब दांडा, आत साखळी: इंडिया मार्क-२. सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या या हातपंपाची मूळ कल्पना जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या लहान कार्यशाळांतून निघालेल्या पंपांवर आधारलेली आहे, आणि आज तो आफ्रिकेच्या अनेक देशांत पाणी देतो. एल्डरांना हे माहीत नव्हते. दोन वेगळ्या पंथांच्या मिशनऱ्यांमधला हा धागा ऐकून त्यांनी दांड्यावर हात ठेवला आणि ‘म्हणजे हा तुमच्याकडून आला,’ असे म्हणून ह्यांच्याकडे पाहून मान झुकवली. घानातील आम्लधर्मी भूजलात जस्ताचा मुलामा दिलेले पाइप लवकर गंजतात, म्हणून येथे त्यात गंजरोधक पोलादाचे पाइप घातले जातात. हा बदल ह्यांना नवा होता.

पंप चालू होता, पण जड चालत होता. ह्यांनी मिनिटाला चाळीस हेलकावे या लयीत दांडा मारला आणि मोजले. जी बादली चाळिसाच्या आसपास भरायला हवी होती तिला साठाहून अधिक हेलकावे लागले. केप कोस्टला त्या मुलीने बाहुलीच्या छातीसाठी मोजलेली लयही हीच होती, हे मला दांड्याचा आवाज ऐकताना जाणवले. आतले वॉशर झिजले होते. गावाच्या पाणी व स्वच्छता समितीच्या खजिनदार एक चाळिशीच्या बाई होत्या. त्यांनी पत्र्याच्या डब्यातून वही आणि नोटा काढल्या. येथे प्रत्येक बादलीमागे काही पेसेवा, म्हणजे तिथली सुटी नाणी, घेतली जातात. वर्षभराचा जमाखर्च त्यांनी दागबानीत वाचला, चालकाचा मित्र इंग्रजीत सांगत गेला. वॉशरपुरते पैसे होते. नव्हता तो मिस्त्री. जो शिकलेला होता तो कामासाठी दक्षिणेला गेला होता.

एल्डरांना त्याच दिवशी तमालेहून मिस्त्री आणून पंप दुरुस्त करून देणे सहज शक्य होते. त्यांनी ते केले नाही, आणि बायका बादल्या घेऊन उभ्या असताना तसे न करणे त्यांना किती कठीण गेले हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. पाणी येत होते, कमी येत होते, म्हणून एक दिवस थांबता येईल असे समितीनेच ठरवले. गावातली दोन माणसे शिकायला तयार झाली, एक तरुण आणि, खजिनदार बाईंच्या आग्रहावरून, त्यांची वहिनी.

आठवा दिवस, गुरुवार : त्याच गावात

जिल्ह्याचा मिस्त्री सकाळी आला. पंप उघडून पाइप एकेक करून वर घेताना सहा माणसे लागतात. पकड सुटली तर सगळे पाइप बोअरमध्ये जातात. ती वहिनी पहिल्यापासून पकडीवर होती. सिलिंडर वर आले, झिजलेले वॉशर तिने बोटांनी काढून सगळ्यांना दाखवले, नवे बसवले. दुपारी उतरत्या उन्हात पहिली बादली भरली तेव्हा मोजणी गावातल्या मुलांनी दागबानीत केली. एल्डर बाजूला एका उलट्या ओंडक्यावर बसले होते. त्यांच्या हाताला त्या दिवशी ग्रीस लागले नव्हते, आणि आयुष्यभर यंत्रे स्वतः दुरुस्त केलेल्या माणसाला तसे बसून राहायला किती संयम लागला असेल, हे आमच्या ह्यांनी मला रात्री सांगितले.

नववा दिवस, शुक्रवार : परत अक्रा

तमालेहून विमानाने तासाभरात अक्रा. आमचे विमान रात्री उशिरा होते, म्हणून दुपार त्यांच्या सदनिकेत गेली. एल्डर गाडीच्या पावत्या लावत होते. सिस्टर टेबलावर दोन वह्या ठेवून बसल्या होत्या, एक ती जाड जुनी आणि दुसरी कोरी. चार महिन्यांनी ते दोघे जातील. त्यांच्या जागी कोण येणार, कोणी येणार की नाही, हे अजून ठरलेले नव्हते. तरी येणाऱ्या जोडप्यासाठी त्यांनी नक्कल करायला घेतली होती. त्यांच्या आधीच्या जोडप्याकडून त्यांना फक्त पत्त्यांची यादी मिळाली होती आणि पहिले चार महिने वस्तू शोधण्यातच गेले, असे त्या म्हणाल्या.

त्यांची बोटे सांधेदुखीने आखडतात, म्हणून निघेपर्यंत मी वाचून दाखवावे आणि त्यांनी लिहावे, असे ठरले. अक्षर मोठे, सरळ, शाळेच्या हिशेबवहीसारखे. मंगळवारच्या केंद्राचे पान आले तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि न वाचताच लिहिले: हुक टेबलाच्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर. कुलूप नाही. गेल्यावर आधी पाणी प्या, मग विचारा.

मग त्यांनी पान उलटले आणि मी पुढच्या गावाचे नाव वाचले.